पहिल्या फेरीतला पाचवा पिक कॉलेजच्या रनिंग बॅकवर लावावा का?

प्रश्न : मी मूळचा पुण्याचा, सध्या न्यू जर्सीत एडिसनला राहतो. ऑफिसातल्या बारा जणांची आमची अमेरिकन फुटबॉलची डायनॅस्टी फँटसी लीग आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण मिळतात आणि घेतलेले खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात. क्वार्टरबॅक (पास टाकणारा) एकच खेळवायचा आणि प्रत्येक कॅचला पूर्ण एक गुण. मे महिन्यात रुकी ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातून व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलमध्ये, नव्याने आलेल्यांची निवड होईल, त्यात माझा पहिल्या फेरीतला पाचवा पिक (निवडीचा क्रमांक) आहे. मिडवेस्टच्या ज्या विद्यापीठात मी एमएस केलं, तिथल्या रनिंग बॅकवर, म्हणजे बॉल घेऊन धावणाऱ्या खेळाडूवर, माझी नजर आहे. गेल्या हंगामात त्याने २६२ कॅरींत (बॉल घेऊन केलेल्या धावांत) १,४८० यार्ड आणि १६ टचडाउन केले. उंची ५ फूट १० इंच, वजन २०८ पौंड. प्रो डेला, विद्यापीठातल्या चाचणीच्या दिवशी, ४० यार्ड ४.४९ सेकंदांत धावला. एप्रिलमध्ये २३ वर्षांचा होईल. कॅच मात्र तीन वर्षांत मिळून १९. त्याचे हायलाइट्स मी कित्येकदा पाहिलेत, डोळे दिपतात. एक सहकारी म्हणतो वेग पुरेसा आहे, घेऊन टाक. दुसरा म्हणतो थांब. असा खेळाडू नेमका पारखायचा कसा? आणि हो, तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, जेव्हा बहुधा पास टाकतात) बहुतेक वेळा त्यांचा दुसरा बॅक मैदानात येतो, त्याने काही फरक पडतो का?

उत्तर : फरक पडतो, आणि तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तीच आहे. १,४८० यार्ड हे झालेलं काम. तुम्ही पिक खर्च करणार ते पुढच्या कामासाठी. एनएफएलमधला प्रशिक्षक या मुलाला आठवड्याला किती वेळा बॉल देईल आणि कोणकोणत्या प्रसंगी त्याला मैदानावर ठेवेल, हे तुम्हाला ओळखायचं आहे. तो किती छान धावतो हा त्यातला एक भाग आहे. आकडे, व्हिडिओ, वजन, वय, एनएफएलच्या ड्राफ्टमधला क्रमांक, सगळं या एकाच प्रश्नाला लावून बघा. मग कशाला किती महत्त्व द्यायचं ते आपोआप कळत जातं.

आधी तुमच्या लीगचं गणित. दहा यार्डांना एक गुण, म्हणजे ४.३ यार्डांच्या एका साध्या धावेचे ०.४३ गुण. तेच सात यार्डांचा साधा कॅच घेतला तर ०.७ अधिक कॅचचा १, एकूण १.७ गुण. एक कॅच जवळपास चार कॅरींच्या बरोबरीचा झाला. आठवड्याला १५ कॅरी आणि १ कॅच मिळणारा बॅक, आणि १२ कॅरी आणि ४ कॅच मिळणारा बॅक, टीव्हीवर दोघे सारखेच दिसतात. तुमच्या लीगमध्ये दुसरा दर आठवड्याला पावणेचारएक गुणांनी पुढे राहतो. हंगामभरात हा फरक दोन वेगळ्या दर्जांच्या खेळाडूंमधला असतो.

आता त्याचे आकडे उलगडू. २६२ कॅरींत १,४८० म्हणजे कॅरीमागे ५.६ यार्ड. दिसायला उत्तम. पण मोठ्या विद्यापीठांचे हंगामाच्या सुरुवातीचे दोन-तीन सामने बहुधा कमकुवत संघांशी असतात. त्याचे सामनावार आकडे घ्या आणि ते सामने बाजूला काढा. समजा त्या तीन सामन्यांत त्याने ५६ कॅरींत ५२० यार्ड घेतले असतील, तर उरतात २०६ कॅरींत ९६० यार्ड, म्हणजे कॅरीमागे ४.७. खेळाडू तोच, चित्र बदललं. ४.७ वाईट नाही, पण पहिल्या फेरीतला पिक त्यावर लावावा इतकं ते बोलकंही नाही. आधी हे गणित खऱ्या आकड्यांनी करून बघा.

काही जण याच्या पुढे जाऊन लांब धावाही वजा करतात. ‘तीन मोठ्या धावा सोडल्या तर सरासरी काहीच नाही’ हे वाक्य प्रत्येक लीगमध्ये ऐकू येतं. तसं करू नका. लांब धावा घेणं हेच तर कौशल्य आहे, आणि फँटसीचे आठवडे त्याच जिंकून देतात. त्याऐवजी किती टक्के धावा दहा यार्डांच्या पुढे गेल्या ते मोजा. सातांतली एक गेली असेल तर बरं लक्षण. सगळ्या मोठ्या धावा दोनच सामन्यांतल्या असतील तर सावध व्हा.

संपर्कानंतरचे यार्ड आणि चुकवलेले टॅकल (पाडण्याचे प्रयत्न) हे दोन आकडे मला सरासरीपेक्षा जास्त पटतात, कारण त्यांत पुढे वाट मोकळी करणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनचं श्रेय बरंच गळून जातं. कोणी पहिल्यांदा हात लावल्यानंतर कॅरीमागे साडेतीन यार्ड किंवा त्याहून जास्त निघत असतील, आणि दर चार कॅरींमागे एखादा टॅकल चुकत असेल, तर बॅक स्वतःच्या पायांनी कमावतोय असं समजा. बॉइझी स्टेटच्या अ‍ॅश्टन जेंटीने २०२४ मध्ये संपर्कानंतरच कॅरीमागे पाच यार्डांहून जास्त घेतले होते. छोट्या कॉन्फरन्समध्ये (विद्यापीठांच्या गटात) खेळूनही २०२५ च्या ड्राफ्टमध्ये रेडर्स संघाने त्याला थेट सहाव्या क्रमांकावर घेतलं, त्यामागे हे मोठं कारण होतं. उलट लाइन फार भक्कम असेल तर एकूण यार्डांवर विसंबू नका. विस्कॉन्सिनचा माँटी बॉल हे त्याचं नेहमीचं उदाहरण. २०११ च्या एका हंगामात ३९ टचडाउन, २०१३ ला ड्राफ्टमध्ये ५८ वा, आणि एनएफएलमध्ये दोन हंगामांत विषय संपला.

एकूण आकड्यांची तुलना करताना आणखी दोन खड्डे आहेत. जेंटीने २०२४ मध्ये २,६०१ यार्ड केले तेव्हा बॅरी सँडर्सचा १९८८ चा २,६२८ यार्डांचा विक्रम थोडक्यात वाचला अशी चर्चा झाली. सँडर्सचे आकडे ११ सामन्यांचे होते, जेंटीचे १४. त्या काळी हंगामानंतरच्या बोल सामन्यातले यार्ड अधिकृत आकड्यांत धरत नसत, ते २००२ पासून धरले जातात. म्हणून जुन्या-नव्यांची तुलना करायची तर सामन्यामागे करा. दुसरा खड्डा असा की कॉलेजमध्ये क्वार्टरबॅक सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला, की ते यार्ड संघाच्या धावण्यातून वजा होतात. संघाच्या एकूण धावांपैकी तुमच्या बॅकचा वाटा काढताना सॅक आणि क्वार्टरबॅकच्या धावा बाजूला ठेवा. नाहीतर वाटा चुकीचा दिसेल.

वजन आणि वेग एकत्रच बघायचे असतात. त्यासाठीचं जुनं सूत्र म्हणजे स्पीड स्कोअर : वजन गुणिले २००, भागिले ४० यार्डांच्या वेळेचा चौथा घात. १०० म्हणजे सरासरी. तुमच्या खेळाडूचे २०८ पौंड आणि ४.४९ सेकंद घातले तर १०२ येतं. पण ही वेळ प्रो डेची आहे, स्वतःच्या विद्यापीठाच्या मैदानावर हाताने लावलेल्या घड्याळाची. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधल्या, म्हणजे एनएफएलच्या सामायिक चाचणीतल्या, इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा ती बहुधा थोडी कमीच भरते. ०.०४ मिळवून ४.५३ धरलं की स्कोअर ९९ वर येतो. म्हणजे वेगाच्या बाबतीत तो मधल्या रांगेत बसतो. ‘वेग पुरेसा आहे’ हे तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, पण पुरेसा म्हणजे असाधारण नव्हे. एनएफएलमधला बॅक जोनाथन टेलर २२६ पौंडांचा असून ४.३९ मध्ये धावला, त्याचा स्कोअर १२२ च्या आसपास येतो. असाधारण म्हणावं ते त्याला.

उंचीच्या मानाने वजनही तपासा. पौंडांतलं वजन गुणिले ७०३, भागिले इंचांतल्या उंचीचा वर्ग. तुमच्या खेळाडूचं उत्तर २९.८ येतं. आठवड्याला वीस वेळा मार खायला उतरणाऱ्या बॅकचा हा आकडा ३० च्या आसपास किंवा वर असावा अशी साधारण अपेक्षा असते. तेव्हा इथे अडचण नाही. त्याखालच्यांना जागाच नसते असंही नाही. डिव्हॉन अ‍ॅशेन १८८ पौंडांचा होता, पण तो ४.३२ मध्ये धावला. वजन कमी असेल तर भरपाई कशाने होते हे विचारायचं, आणि ती वेगाने किंवा कॅचेसनी व्हावी लागते.

बेंच प्रेस विसरून जा. उभी उडी आणि लांब उडी बघा, पहिल्या दोन पावलांतला जोर तिथे दिसतो. ४० यार्डांच्या धावेतला पहिल्या १० यार्डांचा टप्पा वेगळा मिळाला तर तो पूर्ण वेळेपेक्षा कामाचा, कारण बहुतेक धावा त्या दहा यार्डांतच संपतात.

आता व्हिडिओ. शितावरून भाताची परीक्षा होते, पण हायलाइट्समध्ये शितं वेचून ठेवलेली असतात. चार पूर्ण सामने घ्या : सर्वांत चांगल्या डिफेन्सविरुद्धचा, त्याचे यार्ड सर्वांत कमी झालेला, एखादा साधा, आणि संघ मागे पडलेला असा एक. शेवटचा फार महत्त्वाचा आहे. संघ १४ गुणांनी मागे असताना पास जास्त टाकावे लागतात, आणि तेव्हा तुमचा खेळाडू मैदानावर आहे की बाकावर, हे तिथेच कळतं. वहीत प्रत्येक स्नॅपची, म्हणजे प्रत्येक चालीची, नोंद ठेवा : कितवा डाउन, किती यार्ड हवेत, तो मैदानावर होता का, काय काम दिलं, पहिला संपर्क लाइनच्या मागे झाला की पुढे, त्यानंतर किती यार्ड निघाले. एका सामन्याला दीड-दोन तास लागतील. बॉल हातात नसतानाचे स्नॅप वगळू नका.

एक धाव जवळून पाहू, म्हणजे कशाकडे बघायचं ते कळेल. इनसाइड झोन ही कॉलेजात आणि एनएफएलमध्ये सारखीच चालणारी धाव आहे. समजा उजवीकडची आहे. बॉल हाती आला की बॅकने आपल्या लाइनमधला सेंटर आणि त्याच्या शेजारचा उजवा गार्ड यांच्यामधल्या फटीचा रोख धरायचा, आणि डोळे त्या बाजूच्या डिफेन्सिव्ह लाइनमनवर ठेवायचे. तो आत झुकला तर बाहेरून जायचं, बाहेर सरकला तर आतून. समोरचा लाइनबॅकरही (लाइनच्या मागे उभा बचावपटू) याच बॅककडे बघत असतो. चांगला बॅक आपल्या लाइनमनच्या टाचांपाशी, एक-दीड यार्डावर येईपर्यंत रोख बदलत नाही. तो इतका जवळ आला की लाइनबॅकर फट बुजवायला पुढे धावतो, आणि तो धावला की बॅक एकाच पावलात कापून त्याच्या पाठीमागे निघतो. कच्चा बॅक चार यार्ड मागूनच कापतो. फट त्याला दिसलेली असते, पण लाइनबॅकर अजून जागेवरच असल्यामुळे तो आरामात सरकून गाठतो. स्कोअरशीटवर दोन यार्ड लिहिले जातात आणि दोष लाइनला दिला जातो. कापतो कुठून, हे वीस धावांमध्ये मोजा. कॉलेजात निव्वळ पायांच्या जोरावर निभावतं, वरच्या स्तरावर लाइनबॅकर तितकेच चपळ असल्याने निभावत नाही.

बाहेरच्या धावांबाबत एक तांत्रिक गोष्ट आहे. मैदान दोन्हीकडे १६० फूट रुंद, पण हॅश मार्कांमधलं (चाल जिथून सुरू होते त्या खुणांमधलं) अंतर कॉलेजात ४० फूट आणि एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजात बॉल हॅशवर असला की मोकळ्या बाजूला १०० फूट जागा मिळते, एनएफएलमध्ये तीच सुमारे ८९. अकरा फुटांच्या या फरकात कोपरा गाठणारा बॅक साइडलाइनबाहेर ढकलला जातो. तुमच्या खेळाडूच्या मोठ्या धावा मोकळ्या बाजूला टॉस किंवा स्वीप अशा बाहेरच्या चालींवर झालेल्या असतील तर त्यांचं वजन कमी धरा. टॅकलच्या (लाइनच्या टोकाच्या खेळाडूच्या) आतून निघालेल्या असतील तर पूर्ण धरा.

तसंच, त्यांचा क्वार्टरबॅक धावणारा आहे का ते बघा. क्वार्टरबॅक बॉल स्वतःकडे ठेवू शकतो ही धास्ती असली की बाजूचा डिफेन्सिव्ह एंड जागेवर खिळतो आणि बॅकला एक माणूस कमी मिळतो. लाइनसमोर सहाच जण असताना घेतलेले सहा यार्ड आणि आठ जण असताना घेतलेले चार यार्ड, यांत मी दुसऱ्याला जास्त किंमत देईन.

आता तिसऱ्या डाउनकडे वळू. त्याला बाहेर का काढतात, याची तीन कारणं असू शकतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. त्याला नुसता दम खायला देत असतील तर चिंता नको. दुसरा बॅक खरोखरच चांगला रिसीव्हर असेल तर चिंता थोडी. आणि त्याला ब्लॉकिंग जमत नसेल, तर ती मोठी चिंता. जो प्रशिक्षक त्याला रोज सरावात पाहतो, त्याचा तो निर्णय असतो. तुमच्या-माझ्या व्हिडिओ बघण्यापेक्षा त्याचं मत जास्त माहितीवर उभं असतं.

कारण शोधायला पासच्या स्नॅपमध्ये त्याला बघा. ब्लिट्झ उचलण्याचं, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणारा जादा बचावपटू अडवण्याचं, काम असं होतं : स्नॅप होताच नजर आतून बाहेर फिरवायची, कारण मधून येणारा माणूस क्वार्टरबॅकपर्यंत सर्वांत जवळच्या वाटेने पोचतो. धोका दिसला की पुढे पाऊल टाकून त्याला लाइनच्या जवळच गाठायचं, क्वार्टरबॅकच्या अंगावर येईपर्यंत वाट पाहायची नाही. कंबर खाली, हात समोरच्याच्या छातीवर. जो बॅक उभ्या अंगाने खांदा मारतो किंवा पायांत लोळण घेतो, तो मधूनमधून चुकतो, आणि एनएफएलमध्ये अशी एक चूक म्हणजे कोट्यवधी डॉलरचा क्वार्टरबॅक जमिनीवर. नवख्या बॅकचं काम पहिल्या वर्षी कमी होतं ते बहुतेकदा यामुळेच. कायरन विल्यम्सचं उदाहरण इथे नेमकं लागू पडतं. १९४ पौंड, ४.६५ सेकंद, स्पीड स्कोअर जेमतेम ८३, आणि २०२२ च्या ड्राफ्टमध्ये १६४ वा. पण नोट्र डेममध्ये असतानाच त्याचं ब्लॉकिंग नावाजलेलं होतं आणि हातही विश्वासू होते. रॅम्सनी त्याला मैदानाबाहेर काढणं सोडून दिलं. २०२३ मध्ये १२ सामन्यांत त्याने १,१४४ यार्ड केले.

कॅच कमी म्हणजे कॅच घेताच येत नाही, असं मात्र लगेच ठरवू नका. जोनाथन टेलरने विस्कॉन्सिनमध्ये पहिल्या दोन वर्षांत आठ-आठच कॅच घेतले. तिसऱ्या वर्षी २६ झाले, आणि एनएफएलमध्ये पहिल्याच हंगामात ३६. तिसऱ्या वर्षीची ती वाढ हा इशारा होता. तुमच्या खेळाडूच्या १९ कॅचपैकी शेवटच्या वर्षी किती, हे बघा. मग त्याने घेतलेले कॅच पुन्हा बघा : बॉल हातांनी पकडतो की छातीशी कवटाळतो? लाइनबॅकरसमोर वळण घेऊन मोकळा होतो, की लाइनच्या मागे उभं राहून मिळालेल्या स्क्रीनच आहेत? सीनियर बोलमध्ये, ड्राफ्टआधीच्या निवडक खेळाडूंच्या सामन्यात, खेळला असेल तर तिथल्या सरावाचे व्हिडिओ शोधा. तिथे बॅकला लाइनबॅकरसमोर एकट्याने धाववतात. तुम्हाला हवी ती परीक्षा नेमकी तिथे होते.

कॅच नसतानाही मोठा झालेला बॅक म्हणजे डेरिक हेन्री. अलाबामात तीन वर्षांत १७ कॅच. पण तो २४७ पौंडांचा होता आणि ४.५४ मध्ये धावला. त्यालाही टेनेसीत पहिली दोन वर्षं डिमार्को मरेच्या मागे थांबावं लागलं. २०८ पौंडांच्या बॅकने हेन्रीची वाट धरावी अशी अपेक्षा ठेवू नका.

वयावर फार बोलायची गरज नाही. २३ चालतं, २१ जास्त बरं. २०२५ मध्ये ब्रॉन्कोजनी घेतलेला आरजे हार्वी ड्राफ्टच्या वेळी २४ चा होता. असा बॅक पहिला चार वर्षांचा करार संपवतो तेव्हा २८ चा असतो, आणि बहुतेक बॅकची उतरण त्याच सुमाराला लागते. डायनॅस्टीत अशांकडून तीन हंगामांची अपेक्षा ठेवायची आणि तेवढीच किंमत मोजायची. कॉलेजातल्या कॅरींची संख्या मात्र मी मनावर घेत नाही. टेलर ९२६ कॅरी करून आला होता, ‘पाय झिजले’ म्हणणारे पुष्कळ होते, आणि २०२१ मध्ये त्याने १,८११ यार्डांनी लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला.

दुखापतीत काय झालं याच्या जोडीला कधी झालं हेही विचारा. निक चबचा गुडघा ऑक्टोबर २०१५ मध्ये फार वाईट दुखावला. त्यानंतर तो जॉर्जियाकडून आणखी दोन हंगाम खेळला आणि २०१८ मध्ये ३५ वा निवडला गेला. तोवर गुडघ्याचं उत्तर मैदानावर मिळालं होतं. जोनाथन ब्रुक्सचा लिगामेंट नोव्हेंबर २०२३ मध्ये तुटला आणि एप्रिल २०२४ मध्ये पँथर्सनी त्याला ४६ वा घेतलं. त्या वर्षीचा सर्वांत आधी निवडलेला बॅक तोच. डिसेंबरमध्ये तोच गुडघा पुन्हा गेला. नव्या दुखापतीवर पूर्ण किंमत लावू नका.

आता ड्राफ्ट. एप्रिलअखेरच्या त्या तीन दिवसांत तुमच्या सगळ्या वहीपेक्षा मोठी माहिती मिळते : एनएफएलच्या संघाने किती किंमत मोजली. वरच्या निवडीला चुकायची मुभा मिळते, पुन्हा संधी मिळते. शनिवारी, चौथ्या फेरीपासून पुढे निवडलेल्याला एक बॉल हातातून सुटला तरी बाकावर बसवतात. बकी अर्विंग १२५ वा येऊन पहिल्याच वर्षी १,१२२ यार्ड करून गेला, आयझाया पचेको २५१ वा. पण अशी नावं आठवतात ती ती विरळ असल्यामुळेच. वरचा क्रमांकही हमी नव्हे. ट्रेंट रिचर्डसनला २०१२ मध्ये ब्राउन्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, कॅरीमागे ३.६ यार्ड मिळाले आणि दुसऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाच त्याला विकून टाकलं. २०१८ मध्ये ब्रॉन्कोजनी रॉइस फ्रीमनला ७१ वा घेतला आणि त्याची जागा त्याच संघातल्या, ड्राफ्टच न झालेल्या फिलिप लिंडसीने १,०३७ यार्ड करून घेतली.

कोणत्या संघात गेला याला मात्र लोक फाजील महत्त्व देतात. २०२० मध्ये चीफ्सनी क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरला ३२ वा घेतलं. अव्वल क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सच्या शेजारी उभा राहणारा बॅक म्हणून कितीतरी लीगमध्ये रुकी ड्राफ्टचा पहिला पिक त्याच्यावर गेला. टेलर ४१ वा कोल्ट्सकडे गेला, जिथे मार्लन मॅक आधीपासून होता, म्हणून अनेकांनी त्याला खाली ढकललं. हेलेअरचा स्पीड स्कोअर ९२ आणि टेलरचा १२२. मॅक पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला. हेलेअरला चीफ्सकडे पहिल्या वर्षीच्या ८०३ यार्डांच्या पुढे कधी जाता आलं नाही. संघातली गर्दी वर्षभरात बदलते. अंगचा वेग आणि वजन बदलत नाही. दोन खेळाडू तुमच्या वहीत बरोबरीचे ठरले तरच संघ बघा.

तेव्हा तुमच्या खेळाडूबाबत माझं मत असं. आज आहे त्या माहितीवर तो पाचव्या पिकच्या लायकीचा नाही. वजन ठीक, वेग मध्यम, कॅच तुटपुंजे, आणि तिसऱ्या डाउनचं उत्तर हाती नाही. पूर्ण गुण देणाऱ्या लीगमध्ये ही चौकट पहिल्या-दुसऱ्या डाउनच्या बॅकची होते. एनएफएलच्या एखाद्या संघाने त्याला पहिल्या ४०-५० निवडींत घेतलं तर त्यांनी त्याच्यात तीनही डाउनचं काही पाहिलं आहे असं धरून मत बदला आणि पाचव्या पिकवर घ्या. त्यापुढे शंभरापर्यंत गेला तर पाचवा पिक तिथे वापरू नका. आठव्या-नवव्या क्रमांकावर उतरा, बदल्यात दुसऱ्या फेरीतला एक पिक मागा, आणि तिथे मिळाला तर घ्या. हा सौदा आपला पिक यायच्या ऐन वेळी करा. चौथा पिक होऊन एखादं मोठं नाव शिल्लक राहिलं की खालच्या क्रमांकाचे मालक स्वतःहून निरोप पाठवायला लागतात, तेव्हा भाव चांगला येतो. शंभराच्या पुढे गेला तर दुसऱ्या फेरीच्या शेवटापर्यंत त्याचं नाव काढू नका. तुमच्या विद्यापीठाचा आहे हे लीगमध्ये सगळ्यांना ठाऊक असेल, तर त्याच्याविषयी आतापासून काहीच बोलू नका, कोणीतरी मुद्दाम तुमच्या एक पिक आधी घेऊन तुम्हालाच चढ्या भावाने विकेल.

आणि घेतलाच, तर पहिल्या सहा आठवड्यांत त्याच्या यार्डांपेक्षा दोन आकडे बघत राहा : संघाच्या एकूण स्नॅपपैकी किती टक्के तो मैदानावर होता, आणि तिसऱ्या डाउनला किती. पहिला आकडा वाढत असेल आणि दुसरा शून्याजवळच असेल, तर एखाद्या सामन्यात दोन टचडाउन झाले की त्याच आठवड्यात त्याला विकायला काढा. दोन्ही वाढत असतील तर सरासरी तीन यार्डांवर अडकलेली असली तरी हलवू नका. मेल्विन गॉर्डनला २०१५ च्या पहिल्या हंगामात एकही टचडाउन मिळाला नव्हता, पुढच्याच वर्षी बारा मिळाले.